बंबाला सूर्याची जोड

राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावासारख्या डोंगराळ भागात अंघोळीच्या पाण्यासाठी बंब पेटविण्याची रीत जुनी आहे. सरपणाचे कष्ट आणि धूर मात्र बहुधा स्त्रियांच्याच वाट्याला येतात. १०० लिटर पाणी २० अंश सेल्सियसवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ४.७ युनिट ऊर्जा लागते; सौर बंब ती उन्हातून मिळवितो. त्याचा संग्राहक दक्षिणाभिमुख व सावली न पडणाऱ्या जागी बसवावा. गरम पाण्याच्या नळीस उष्णतारोधक वेष्टन द्यावे. तथापि मावळातील पावसाळ्यात ऊन दुर्मीळ असते. म्हणून जुना बंब मोडीत न काढता, त्याची धुराची नळी स्वच्छ करून तो त्या चार महिन्यांसाठी राखावा. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी हा हिशेब ग्रामसभेत मांडल्यास उरलेल्या आठ महिन्यांतील बरेचसे सरपण वाचू शकेल.