स्वस्त पाककृती कुणाला परवडतात?

प्रश्न : मी चार घरची धुणीभांडी करते. खोलीत फ्रीज नाही, गॅस पुरवून वापरावा लागतो. मासिकात वाचते, 'महिन्याचं सामान एकदम भरा, पैसे वाचतील.' मी तर डाळही पाव-पाव किलो आणते. माझंच नियोजन चुकतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुमचं नियोजन चुकत नाही. एकदम सामान भरायला एकदम पैसे हाताशी लागतात; असे सल्ले ते गृहीतच धरतात. सुटं घेणाऱ्याला बहुधा किलोमागे जास्त मोजावे लागतात, त्यात तुमचा काय दोष?

आधी रेशनकार्ड पाहा. प्राधान्य गटात माणशी दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळतं. कार्ड गावचं असलं तरी आधार जोडलेलं असल्यास पुण्यातही धान्य घेता येतं. वाचलेले पैसे डाळ, शेंगदाणे, अंडी यांवर घाला.

मूग-मटकी रात्री भिजवा, गॅस कमी लागतो. कुकर असेल तर डाळ-भात एकत्रच लावा. तांदळाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी तरी डाळ असू द्या. पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. चहा जेवणानंतर तासाभराने घ्या.

सहा वर्षांखालचं मूल असेल तर अंगणवाडीत नाव नोंदवा. तिथे आहार मिळतो, वजनही होतं. काटकसर मुलांच्या डाळ-अंड्यात नको. मुलाचं वजन वाढत नसेल किंवा तुम्हाला धाप, चक्कर जाणवत असेल, तर महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा. अशा वेळी पाककृती पुरणार नाही.