या महिन्याचा अभ्यासपाठ : लेक गोदामात कामाला, तिच्या पाठीशी कोण?



मागच्या महिन्यात जिंतूर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत एक मावशी गप्प गप्प बसली होती. तिची लेक पुण्याकडं एका मोठ्या गोदामात आहे. लोक मोबाइलवर ज्या वस्तू मागवतात, त्या शोधून खोक्यात भरायचं तिचं काम. दहा तास उभं राहून. ताप आला म्हणून तिनं दोन दिवस सुट्टी घेतली, तर ठेकेदार म्हणाला, "आता येऊच नको." मावशीनं मला विचारलं, "म्याडम, दाद कुणाकडं मागायची? ठेकेदाराकडं का कंपनीकडं?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. म्हणून हा पाठ.

हमालांनी काय केलं?

मालक नक्की कोण, हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या बाजारात माथ्यावर ओझं वाहणारे माथाडी आज या व्यापाऱ्याकडं, तर उद्या त्या व्यापाऱ्याकडं. त्यामुळं रजा, बोनस, भविष्य निर्वाह निधी देणारं कुणीच नव्हतं. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. या लढ्यांमुळं १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला.

कायद्यानं तोडगा काय काढला? मालक आणि कामगार दोघांनीही माथाडी मंडळात नोंदणी करायची. मालकानं मजुरी आणि तिच्यावर ठरलेली जादा रक्कम (लेव्ही) मंडळात भरायची. मंडळ मजुरी देतं आणि लेव्हीतून निधी, रजा, बोनस, औषधपाण्याची सोय करतं. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचेही प्रतिनिधी असतात. या कायद्याच्या यादीत नुसतं ओझं उचलणं नाही, तर बाजारातलं भरणं, शिवणं, निवडणं, साफ करणं हीसुद्धा कामं आहेत. मोंढ्यात धान्य चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायांनी हे लक्षात ठेवा.

बायांची संघटना होते का?

होते. अहमदाबादच्या इलाबेन भट्ट १९७२ साली 'सेवा' संघाची नोंदणी करायला गेल्या. त्यात डोक्यावर कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या बाया होत्या. कार्यालयातून विचारणा झाली, "तुम्हाला ठरलेला मालकच नाही, मग संघ कुणाविरुद्ध?" त्यांचं म्हणणं होतं, संघ कुणाविरुद्ध नाही, आमच्या एकीसाठी आहे. शेवटी नोंदणी झाली.

आजची मोठी गोदामं

अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये अॅमेझॉनच्या एका गोदामात १ एप्रिल २०२२ रोजी संघटनेच्या मतदानाचा निकाल लागला. बाजूनं २,६५४ मतं, विरोधात २,१३१. पण कंपनीनं निकाल मानला नाही, भांडण पुढं चालूच राहिलं. म्हणजे संघ झाला की लगेच सगळं मिळतं, असं नाही. आपल्या देशात हरियाणातल्या मानेसरच्या गोदामाबद्दल बातमी आली, की ठरलेले ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला, लघवीला जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावली. जून २०२४ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं तिची स्वतःहून दखल घेतली. कुणीतरी तोंड उघडलं, म्हणून ते बाहेर आलं.

मग दाद कुणाकडं?

१. ठेकेदारानं पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तक्रार कामगार कार्यालयात लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. कामावरून काढलं असेल, तरी सल्ला घ्यायचं ठिकाण हेच.

२. पुरावा जपा. लेकीला आजच फोन करून सांगा : ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, बँकेत जमा झालेल्या पगाराचे मेसेज आणि ठेकेदाराचं पूर्ण नाव जपून ठेव. पगारातून पीएफ कापला जातो का आणि तो खात्यात खरंच जमा होतो का, ते बघ.

३. एकटीनं भांडू नको. कामगार संघाच्या नोंदणीसाठी किमान सात जणांनी अर्ज करावा लागतो. शिवाय तिथल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल, तेवढे सभासद हवेत.

४. घरोघर सामान पोचवणाऱ्या मुलांची ई-श्रम नोंदणी करून घ्या. ती मोफत आहे. मदतीचा क्रमांक १४४३४.

एक सावधगिरी

माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारेही निघाले आहेत. खरा संघ ओळखायचा कसा? ते तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. बैठक नियमित होते का? वर्गणीची पावती मिळते का? हिशेब सगळ्यांपुढं वाचला जातो का? पदाधिकारी निवडून येतात का? आपण गटात दर महिन्याला हेच तर करतो. लेकीला कायदा वकील सांगेल, पण दहा जणींचं मन एका गोष्टीवर कसं आणायचं, हे तिला आईच सांगू शकते.

त्या मावशीच्या लेकीनं आता सोबतच्या चार मुलींशी बोलणं सुरू केलंय. काम परत मिळेल का, ते अजून सांगता येत नाही. पण तक्रार अर्जावर आता पाच सह्या आहेत.

बैठकीत चर्चा करा

- आपल्या गटातल्या किती घरांतली लेकरं गोदामात किंवा सामान पोचवायच्या कामावर आहेत? यादी करून ग्रामसंघाला द्या.
- त्यांच्या ठेकेदाराचं नाव आपल्याला माहीत आहे का?
- आपल्या मोंढ्यात निवडणी-चाळणी करणाऱ्या बायांची माथाडी मंडळात नोंद आहे का? पुढच्या बैठकीआधी दोघींनी कामगार कार्यालयात जाऊन विचारून या.