‘आक्रमक’ म्हणजे असाध्य नव्हे

प्रश्न : माझ्या ३२ वर्षांच्या बहिणीच्या छातीत गाठ आहे, चेहरा सुजतो. बायोप्सीत ‘प्रायमरी मेडियास्टायनल बी-सेल लिम्फोमा’ आला. आक्रमक म्हणतात. आशा आहे का?

उत्तर : आहे, भरपूर आहे. हा कॅन्सर छातीच्या मध्यभागी, थायमस ग्रंथीतल्या बी-पेशींत सुरू होतो. तरुण स्त्रियांत जास्त. गाठीने हृदयाकडे जाणारी मोठी शीर दाबली जाते, म्हणून सूज येते. पेशी भराभर वाढतात म्हणून तो आक्रमक; पण अशाच पेशी केमोथेरपीला चांगली दाद देतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात रिटुक्सिमॅबसह केमोथेरपी घेतलेल्या ५१ रुग्णांपैकी बहुतेक सगळे रेडिएशनशिवाय बरे झाले. उपचारांनंतरच्या पेट स्कॅनमध्ये थोडी चमक उरली, तर लगेच धीर सोडू नका. ती पुष्कळदा निव्वळ दाहाची असते. मूल हवं असेल, तर स्त्रीबीज जतन करण्याबद्दल पहिल्या केमोआधीच विचारा.