स्वस्त गोणीची किंमत कोण भरतो?

वाचन : लेवीय 25:1-7



दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या, अशी आज्ञा परमेश्वराने इस्राएल लोकांना दिली. जमिनीचा खरा धनी देव आहे आणि आपण तिचे राखणदार, हा त्या आज्ञेचा गाभा.

आज आपली काळी आई थकली आहे. ‘शेतकरी युरिया फार टाकतो,’ असे आपण सहज बोलतो. पण तो तसे का करतो?

पिकाला नत्र, स्फुरद आणि पालाश हवे असते. आपल्या देशासाठी 4:2:1 हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते. ऑगस्ट 1992 मध्ये केंद्र सरकारने स्फुरद व पालाशयुक्त खतांच्या किमतींवरील नियंत्रण उठवले; युरियावरील मात्र ठेवले. ती खते महागली, युरिया स्वस्त राहिला. 1991-92 मध्ये 5.9:2.4:1 असलेले वापराचे प्रमाण पुढच्याच वर्षी 9.5:3.2:1 झाले. 2010 च्या नव्या अनुदान योजनेतूनही युरिया वगळला गेला. आज युरियाची 45 किलोची गोणी सुमारे 266 रुपयांना, तर डीएपीची 50 किलोची 1350 रुपयांना मिळते. हात आखडलेला शेतकरी कोणती उचलेल?

युरियाने पीक लवकर हिरवेगार दिसते. पण ते मातीतील इतर अन्नद्रव्ये ओढून घेते आणि ती परत दिली जात नाहीत. जादा नत्र नायट्रेटच्या रूपाने विहिरीच्या पाण्यात उतरते.

अनुदानामागचा हेतू चांगलाच होता : लोकांना अन्न मिळावे. परंतु नीतिशास्त्र केवळ हेतू पाहत नाही, परिणामही पाहते. गोणीची उरलेली किंमत माती भरते, उद्या आपली मुले भरतील. म्हणून भाव ठरवणे हीदेखील नैतिक कृती आहे. अनुदान एकदम काढले, तर लहान शेतकरी बुडेल, तोही अन्यायच. गरिबांचे दुःख आणि धरणीचे दुःख वेगळे करता येत नाही, हेच पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शिकवले.

आपण काय करू शकतो?

1. पेरणीपूर्वी माती परीक्षण करून घ्यावे व त्यानुसारच खत द्यावे.
2. शेणखत वापरावे, ताग किंवा धैंचा पेरून जमिनीत गाडावा.
3. मते मागायला येणाऱ्यांना मातीविषयी प्रश्न विचारावा.

चिंतनासाठी : माझ्या वाट्याची जमीन मी पुढच्या पिढीला कोणत्या स्थितीत सोपवणार आहे?

प्रभू तुमच्या शेतांना व घरांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू