पाडसाने कोणाच्या कळपात राहावे?



मूल मोठे झाले हे आपण कशावरून ओळखतो? उंचीवरून, दहावीच्या निकालावरून, की पहिल्या पगारावरून? लोककथांचे उत्तर वेगळे असते. आज अशा एका कथेचा आणि तिच्यावर निघालेल्या छोट्या कार्टूनपटाचा विचार करू.

१९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये भारतीय चित्रकारांना शिकवण्यासाठी डिस्ने स्टुडिओतील क्लेअर वीक्स आले. एका पाडसाच्या मोठे होण्यावरील 'बँबी' या चित्रपटावर त्यांनी काम केले होते. येथे त्यांच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन अशी मंडळी तयार झाली आणि १९५७ साली 'द बनियन डिअर' हा पट निघाला. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. प्रत्येक चित्र दोनदा टिपले, तरी दहा मिनिटांसाठी ७,२०० चित्रे होतात. एवढे कष्ट त्यांनी कोणत्या कथेसाठी घेतले? एका जुन्या जातककथेसाठी.

काशीच्या राजाच्या उपवनात हरणांचे दोन कळप होते. एकाचा नायक निग्रोध, म्हणजे वड. दुसऱ्याचा शाख, म्हणजे फांदी. राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज एका हरणाने चिठ्ठीप्रमाणे जायचे, असे ठरले होते. एके दिवशी शाखाच्या कळपातील गाभण हरिणीची चिठ्ठी निघाली. पाडस होईपर्यंत थांबा, असे तिने विनवले. शाख म्हणाला, चिठ्ठी तुझी, तूच जा. ती निग्रोधाकडे गेली. त्याने दुसऱ्या कोणाला पाठवले नाही. स्वतःच जाऊन ठोकळ्यावर मान ठेवली. राजा थक्क झाला. त्याने आधी त्या दोघांना आणि मग सर्व प्राण्यांना अभय दिले.

येथे एक गोष्ट नीट पाहावी. शाखाने नियम मोडला नव्हता. उलट, त्याने तो काटेकोर पाळला. नियम कळणे ही शहाणपणाची पहिली पायरी. पण नियम पाळूनही अन्याय होतो आहे, हे ओळखून त्याची किंमत स्वतः मोजणे, हे मोठेपण.

जातकाच्या शेवटी ते पाडस जन्मते आणि खेळत खेळत शाखाच्या कळपाकडे जाऊ लागते. आई त्याला समजावते : तिकडे दीर्घायुष्य मिळाले, तरी त्यापेक्षा निग्रोधाजवळ मरण बरे. पाडसाला आपला कळप निवडावा लागतो, तोच त्याच्या मोठे होण्याचा क्षण.

आपल्या सुदुंबरे गावात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग त्यांनी जपले, हे येथील मुले लहानपणापासून ऐकतात. कोणाची संगत धरावी, हे त्यांना अशा कथांतूनच कळते. म्हणून मुलांना नुसते टीव्हीपुढे बसवू नका. शेजारी बसा आणि नंतर बोला.

घरी चर्चेसाठी :
१. शाखाचे काय चुकले?
२. निग्रोधाने दुसऱ्या हरणाला का पाठवले नाही?
३. आपल्या मुलांचा कळप कोणता, हे आपल्याला ठाऊक आहे का?