तिथीची पाऊणपट

भूगोलाच्या पेपरात ‘खारे वारे व मतलई वारे’ यांवर टीप लिहा, असा प्रश्न आला की आपण सारेच खूष होतो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा येते. रात्री सारे उलट. आकृती काढून बाण दाखवले की गुण पदरात पडतात. मलाही पडले होते. त्या गुणांच्या भरवशावर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी शिडाची होडी घेऊन धरमतरच्या खाडीत गेलो आणि मग उमगले की आकृतीत बाण एकच होता, खाडीत दोन असतात. दुसरा पाण्याचा.

माझे मामा मुंबईच्या गोदीतली नोकरी संपवून रेवसजवळच्या एका गावी राहतात. त्यांना एकच व्यसन आहे. सोळा फुटांची जुनी होडी, एक डोलकाठी, तिला तिरकी बांधलेली लांब आडकाठी आणि त्या आडकाठीवर ताणलेले तिकोनी शीड. राजपुरीहून जंजिरा पाहायला जे शिडाच्या होडीतून गेले असतील त्यांना हे शीड ओळखीचे वाटेल. मामांना मासे धरायचे नसतात, माल न्यायचा नसतो. नुसते पाण्यावर फिरून यायचे असते. गावात याचे हसू होते, कारण आता कोळीबांधवांच्या होड्याही इंजिनावर चालतात. हौसेखातर शीड उभारणे हा साहेबांचा खेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे आणि ती अगदीच निराधार नाही. मुंबईचा यॉट क्लब साहेबांनीच १८४६ साली काढला. परंतु १९८२ च्या एशियाडमधील शिडांच्या शर्यती त्याच मुंबईच्या पाण्यात झाल्या आणि ‘फायरबॉल’ वर्गात फारुख तारापोर व झरीर करंजिया या आपल्याच खेळाडूंनी सुवर्णपदक मिळवले, हे किती जणांना ठाऊक असते? असो.

नवख्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो असा : वारा पाठीशी असताना होडी पुढे जाईल हे कळते, पण वारा समोरून येत असताना ती पुढे कशी जाते? ओला चिंचोका दोन बोटांत दाबून पाहावा. बोटे दाबतात आडवी, चिंचोका उडतो पुढे. होडीचेही काहीसे तसेच. फुगलेल्या शिडावरून वाहताना वारा होडीला थोडी पुढे आणि बरीचशी बाजूला ओढतो. होडीचा पाण्यातला भाग बाजूला सरकायला विरोध करतो. उरते ते पुढे जाणे. मात्र नेमके वाऱ्याच्या तोंडावर कोणतीच शिडाची होडी जाऊ शकत नाही. कोन करून, एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे, असे नागमोडी जावे लागते. शर्यतीची होडी वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन करते. म्हणजे एक किलोमीटर वर चढायचे तर जवळजवळ दीड किलोमीटर चाल पडते. मामांच्या होडीला इतके जमत नाही. तिचा तळ उथळ असल्याने ती बाजूलाही घसरते.

आता त्या दिवसाकडे वळतो. मामांना कामासाठी अलिबागेला जायचे होते. मी आणि माझी धाकटी मामेबहीण होडी नेण्यासाठी हट्ट धरून बसलो. मामा म्हणाले, “न्या. पण लांब जाऊ नका आणि पाणी बघून जा.” मी पाणी बघितले. लाटा नव्हत्या. मामीने डबा दिला. दोन वाजता निघालो. खारा वारा वायव्येकडून खाडीच्या तोंडातून आत येत होता आणि होडी अशी पळत होती की मी बहिणीला मतलई-खाऱ्या वाऱ्यांवर एक लहानसे व्याख्यानच दिले. डोल जाळ्यांचे खुंट भराभर मागे जात होते. त्या खुंटांशी पाणी कोणत्या बाजूला फुटते आहे, इकडे एकदा तरी बघितले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

चारच्या सुमारास डबा खाऊन होडी फिरवली. डाव्या अंगाने गेलो, शीड फिरवले, उजव्या अंगाने आलो. होडी चांगली कापत चालली होती, पाणी बाजूने सळसळत होते. पाऊण तासाने बहीण म्हणाली, “दादा, हा वाकडा खुंट मघाशी पण इथंच होता.” मी म्हटले, तो दुसरा असेल. आणखी अर्ध्या तासाने तोच खुंट पुन्हा आला, तेव्हा मला बोलता येईना. आम्ही वाऱ्यावर जेवढे चढत होतो तेवढेच भरतीचे पाणी आम्हाला आत ढकलत होते. वल्ही मारून पाहिली, हातांना फोड आले. साडेपाचला वारा पडू लागला आणि खुंट उलट्या दिशेने सरकू लागले.

मामांना फोन लावला. ओरडतील असे वाटले होते. त्यांनी विचारले, “मामीनं डब्यात काय दिलं होतं?”

“साबुदाण्याची खिचडी. शेंगदाण्याचे लाडू.”

“मग आज तिथी काय?”

कार्तिकी एकादशी. घरात सकाळपासून त्याच गोष्टी चालल्या होत्या.

पुढचा हिशेब त्यांनी फोनवरच करून दाखवला. तिथीची पाऊणपट करायची, येतील तितक्या वाजता पूर्ण भरती. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठला भरती, दुपारी दोनच्या पुढेमागे पूर्ण ओहोटी, आणि दोनपासून रात्री सव्वाआठपर्यंत पाणी आत येणार. आम्ही नेमके दोनला, आत येणाऱ्या पाण्याबरोबर आणि आत येणाऱ्या वाऱ्याबरोबर निघालो होतो. परतीची वाट सव्वाआठपर्यंत बंद होती. तेच चतुर्थीला गेलो असतो तर तीनला भरती पूर्ण होऊन ओहोटीने आम्हाला आपसूक घरी आणले असते.

हे सूत्र मी नंतर तपासून पाहिले. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पंधरा तिथींत बारा तासांचा फेर पडतो, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. काटेकोर पाहता पाऊणपट नव्हे, चार-पंचमांश. पाऊणपट तोंडी करायला सोपी आणि चूक पक्षाच्या अखेरीस पाऊण तासाच्या आत, म्हणून चालून जाते. आणखी एक गोष्ट. ते भांगाचे दिवस होते, पाण्याला ओढ कमी होती. मुंबई बंदरात उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो. पौर्णिमेच्या आसपास असतो तर तो वाकडा खुंट दुसऱ्यांदा दिसलाच नसता, इतके आम्ही आत गेलो असतो.

मामा म्हणाले, “मधल्या ओढीतून बाजूला व्हा, कडेला नांगर टाका, शीड उतरवा आणि साडेआठपर्यंत गप्प बसा. जाकिटं अंगात आहेत ना?”

मी “हो” म्हटले.

तसेच केले. सहाला सूर्य गेला. तिवरांतून डास उठले. डोक्यावर एकादशीचा चंद्र होता म्हणून निदान हात दिसत होते. बहीण आधी रडली, मग नुसती माझ्या शर्टाचे टोक धरून बसली. सव्वाआठ वाजले आणि नांगराचा दोर सैल पडला. थोड्या वेळाने होडी आपणहून फिरली आणि तिचे तोंड खाडीच्या आतल्या बाजूला झाले. इतकी हलकी हालचाल. पण आम्हा दोघांनाही ती कळली. नांगर उचलला. पुढे जमिनीकडून गार वारा सुटला. हाच तो मतलई. शीड जेमतेम भरत होते, पण पाणीच आम्हाला नेत होते. दहाच्या आत धक्क्याला लागलो. मामा हातात बॅटरी घेऊन उभे होते. त्यांनी आधी मुलीला उचलून वर घेतले. मग होडीत उजेड टाकला आणि बराच वेळ टाकून ठेवला.

जाकिटे घरी खुंटीला होती. दुपारी उकडत होते म्हणून मीच ती नको म्हटली होती. मामांनी त्यावर एक शब्दही काढला नाही, मीही काढला नाही, आणि बहीण त्यानंतर होडीत बसलेली नाही. या अंकाची एक प्रत रेवसला पाठवणार आहे.