रिमॅन अल्टरनेटर घेण्याआधी

चि. संतोष यास,


गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीला कंपनीचा कोरा अल्टरनेटर परवडत नाही, तर रिमॅन, म्हणजे रिमॅन्युफॅक्चर्ड, लावावा का आणि लावला तर टिकेल का, असं तू विचारलंस. लाव. मात्र टिकण्याचा प्रश्न दुकानदाराच्या आधी गाडीला विचार. रिमॅन मालाला नावं ठेवली जातात, त्यात गाडीचा दोष पुष्कळदा मालाच्या माथी मारलेला असतो. चालू गाडीचा विजेचा भार वाहायचा आणि स्टार्टरने बॅटरीतून ओढलेलं भरून काढायचं, एवढंच अल्टरनेटरचं काम. एक सेल बसलेली, साडेदहा व्होल्टांच्या आसपासच अडकलेली बॅटरी जोडली, की तो भरत न येणारं भरत बसतो आणि डायोड तापून जातात. टॅपेट कव्हरमधून गळणारं तेल कार्बनवर पडत असेल, बेल्ट फाजील ताणून बेअरिंग भरडलं जात असेल, तर कोऱ्या मालाचीही तीच गत होणार. म्हणून जुना काढण्याआधी तो कशाने गेला ते शोध. बॅटरी चार्ज करून, थोडा वेळ तशीच ठेवून मोज, 12.6 व्होल्टांच्या जवळ थांबली पाहिजे, आणि लोड टेस्टमध्येही उभी राहिली पाहिजे. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 मिळत असतील, तर अल्टरनेटर बहुधा निर्दोष आहे. नव्या गाड्यांत मात्र ईसीयू चार्जिंग मुद्दाम कमीजास्त करतो. तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नकोस.

आता निवड. ‘रिमॅन’ हा शब्द डब्यावर कुणीही छापतो. ॲल्युमिनियमचं कवच घासून, रंग मारून चकचकीत केलेला भंगारातला नगही त्याच नावाने खपतो. मोजायचा तो रंगाखालचा कामाचा भाग. बेअरिंग दोन्ही बाजूंची बदलली का, कार्बन आणि रेग्युलेटर नवे आहेत का, स्लिप रिंग बदलली की नुसती कानशीने घासली, डायोड प्लेट तपासली का, हे विचार. शेवटी सर्वांत महत्त्वाचं, बेंचवर लोड देऊन किती अँपिअर निघाले त्याचा कागद माग. थंड असताना भरपूर देणारा अल्टरनेटर तापल्यावर कमी देतो, आणि आयडलला तर छापील आकड्याच्या बराच खाली असतो. म्हणून ‘नव्वद अँपिअर’ एवढ्या शब्दावर भागत नाही. कनेक्टर, पुलीच्या खाचा आणि माउंटिंगचे कान जुन्याशी ताडून पाहा. पुली फ्रीव्हील असेल तर नव्यावरही तशीच हवी.

तू म्हणशील, नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन रिमॅनच्या निम्म्याहून कमी पैशांत जुनाच दुरुस्त करून देतो. देतोच, आणि नुसते कार्बन झिजले असतील तर त्याच्याकडेच पाठव. तिथे रिमॅन विकणं म्हणजे गिऱ्हाइकाचा खिसा कापणं. पण तो गेलेला भाग तेवढा बदलतो, त्याच्या शेजारचा तितकाच वापरलेला भाग तसाच राहतो. दुसरा आक्षेप, कोराच का नको? कंपनीचा असेल तर तोच उत्तम, त्यात वाद नाही. पण रिमॅनच्याच किमतीला ‘कोरा’ म्हणून मिळणाऱ्या निनावी नकलेपेक्षा मूळ कंपनीच्या जुन्या गाभ्यावर केलेलं नीट काम मला जास्त भरवशाचं वाटतं. कवच, रोटरचा शाफ्ट, स्टेटरचं लोखंड सहसा झिजत नाही. झिजतात ते वर सांगितलेले छोटे भाग, आणि तेच तर बदललेले असतात.

बसवताना सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ. अल्टरनेटरची जाड बी-प्लस तार फ्यूज असो वा नसो, थेट बॅटरीशी जोडलेली असते, आणि पाना तिच्यापासून बॉडीला टेकला तर ठिणगी नाही, भडका उडतो. टर्मिनल आणि अर्थिंगची जागा घासून चकचकीत कर, बेल्ट चिरलेला किंवा चकाकणारा असेल तर बदल, बॅटरी बाहेर पूर्ण चार्ज करून मगच जोड. आणि चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून ‘चार्जिंग आहे का’ बघायची जी जुनी सवय तुमच्या गॅरेजमध्ये आहे, ती आजपासून बंद कर. त्या क्षणी व्होल्टेज उसळी घेतं आणि रेग्युलेटर किंवा ईसीयू जाऊ शकतो.

त्याऐवजी हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डीफॉगर चालू कर आणि इंजिन दोन हजार आरपीएमवर धर. बी-प्लसपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत तीन दशांश व्होल्टांहून जास्त गळत असेल, किंवा अल्टरनेटरच्या अंगापासून निगेटिव्हपर्यंत दोन दशांशांहून जास्त, तर तारेत नाहीतर अर्थिंगमध्ये खोट आहे, रिमॅनमध्ये नाही. मीटर एसीवर लावून बॅटरीवर मोज; अर्ध्या व्होल्टाच्या आसपास आलं तर डायोड संशयास्पद, तो नग तसाच परत कर. हे आकडे बिलावर लिहून दे. रिमॅन घेताना दुकानदाराकडे भरलेली ठेव जुना नग जमा केल्यावरच परत मिळते, तेव्हा तो खोलून ठेवू नकोस.

तुझा,
मामा